प्रश्न क्लासचा, घोळ पॉलिसीचा

ऐरोलीहून आलेलं पत्र, थोडक्यात: वय ४८, रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर, हातात येणारा पगार ६८ हजार. पत्नी डबे करतात, त्यातून १२ हजार सुटतात. घराचा हप्ता २४ हजार. मुलगी बी.कॉम. होऊन ठाण्यात तीन वर्षांच्या एलएलबीला. फी वर्षाला एक लाख, त्यासाठी तीन लाखांचं शैक्षणिक कर्ज साडेदहा टक्क्यांनी. पहिल्याच सेमिस्टरला दोन केटी लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले. प्रश्न असा, की एलएलबीची तयारी आणि न्यायाधीश परीक्षेचा पाया असा दोन्ही करून देणारा ९५ हजारांचा ऑनलाइन क्लास २४ हप्त्यांत घ्यावा का? 'तीन वर्षांनी ती न्यायाधीश झाली की कर्ज सहज फिटेल.' आणि सगळ्यात शेवटी, ता.क. म्हणून: 'कर्जाच्या वेळी बँकेतल्या मॅडमच्या आग्रहावरून मुलीच्या भवितव्यासाठी एक पॉलिसीही घेतली. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं; वीस वर्षांनी तीस लाख मिळणार. कागद तीन आठवड्यांपूर्वी आले.'

क्लासचं नंतर बघू. आधी ती ता.क.

पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते, कारण द्यावं लागत नाही. स्टँप ड्यूटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. तुमचे २२ दिवस गेलेत. म्हणून एवढा मजकूर तुम्हाला आधीच मेलने पाठवला आहे. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. बँकेतल्या मॅडमकडे देऊ नका. 'सर, मी बघते' यात आठ दिवस सहज जातात. कंपनीने टोलवाटोलवी केली तर विमा नियामकाचा तक्रार क्रमांक १५५२५५.

'पॉलिसी काढली नाही तर कर्ज अडेल' असं तुम्हाला सुचवलं गेलं, हे तुमच्या पत्रातल्या 'आग्रह' या शब्दावरूनच कळतं. अशी सक्ती करता येत नाही. कर्जाचं मंजुरीपत्र काढून वाचा. त्यात या पॉलिसीची अट बहुधा सापडणार नाही, कारण अशा गोष्टी तोंडीच सांगायच्या असतात.

आता हिशोब. तुम्ही पंधरा लाख भरणार, वीस वर्षांनी तीस लाख मिळणार. 'दुप्पट' ऐकायला बरं वाटतं. पण दहा वर्षांत भरलेला पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. तेवढ्या काळात दुप्पट म्हणजे साडेचार टक्के. साडेदहाने कर्ज काढायचं आणि साडेचारने पैसे गुंतवायचे! हेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून वीस वर्षं ठेवलेत (पंधरा वर्षांनी मुदत वाढवून), तर आजच्या ७.१ टक्क्यांनी ४४ लाखांच्या घरात जातात. शिवाय पॉलिसीचे पैसे येतील तेव्हा तुम्ही ६८ वर्षांचे आणि मुलगी बेचाळीसची. कसलं शिक्षण आणि कसलं भवितव्य?

कर वाचतो म्हणूनही गळ्यात मारली असेल. तुमचं एकूण वेतन नऊ-साडेनऊ लाख दिसतं. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत तसाही कर लागत नाही. वाचवायला आहे काय?

महिन्याचा ताळेबंद तुमच्याच आकड्यांनी: ८० हजार येतात. हप्ता २४, घरखर्च ३६, मुलीचा पास-पुस्तकं ४. उरतात १६. पॉलिसीचे महिन्याला साडेबारा बाजूला काढले की साडेतीन. त्यात क्लासचा चार हजारांचा हप्ता. म्हणजे घर पाचशे रुपयांनी तोट्यात, आणि सव्वादोन लाखांची एफडी होती ती पहिल्या प्रीमियमसाठी मोडल्यावर पाऊण लाखावर आलेली. कारखान्यातली नोकरी, अडचणीला जवळ जेमतेम एका महिन्याचा खर्च. परत आलेले पैसे आधी पुन्हा एफडीत टाका, फीसाठीही मोडू नका. संरक्षण हवंच असेल, आणि तुम्हाला ते हवंय, तर पन्नास लाखांचा निव्वळ टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. या वयात वर्षाला साधारण पंधरा हजार, प्रकृतीनुसार कमीजास्त. दीड लाखांच्या त्या पॉलिसीत विमा होता जेमतेम पंधरा लाखांचा.

आता मुलगी. 'तीन वर्षांनी न्यायाधीश' हे विसरा. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तरावरच्या न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे पदवी, सनद (वकिलीचा परवाना), तीन वर्षं वकिली, मग एमपीएससीची परीक्षा. अठ्ठाविशीच्या आत हे जमत नाही. सनद असताना पूर्णवेळ पगारी नोकरीही करता येत नाही. शहरातल्या ज्युनियर वकिलाला महिना वीस हजार द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिलने २०२४मध्ये केली, पण ती शिफारसच आहे. आणि कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. व्याज साचून चार लाख झालेले असतील; सात वर्षांची फेड धरली तर महिना साडेसहा-सात हजार. तेव्हा ती ज्युनियर असेल. हप्ता तुम्हीच भरणार आहात, तो पॉलिसीत घातलेल्या साडेबारा हजारांतूनच निघाला असता.

आणि केटी? पत्रात मधेच एक ओळ आहे: 'पहिल्या महिन्यापासून ती कोर्ट नाक्याला एका वकिलांकडे रोज जाते, अनुभव मिळतो.' उत्तर तिथेच आहे. बार कौन्सिलच्या नियमाने लेक्चर्सना ७० टक्के हजेरी लागते; इंटर्नशिप मात्र तीन वर्षांत मिळून बारा आठवडे. ती सुट्टीत उरकता येते. फायली वाहून आणि तारखा लिहून काँट्रॅक्ट (करार) आणि टॉर्ट (दिवाणी अपकृत्यं) हे विषय सुटत नाहीत. पेपरात परिस्थिती देऊन 'कोणाची बाजू बरोबर?' असं विचारतात. त्याला कलम, त्यामागचं तत्त्व, एखादा निवाडा आणि निष्कर्ष असं लिहावं लागतं, आणि ते लिहूनच येतं. क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स दीडपट वेगाने बघून येत नाही. बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा मूळ मजकूर) घ्या, गेल्या पाच वर्षांचे पेपर काढा, रोज एक उत्तर वेळ लावून लिहायला सांगा आणि कॉलेजातल्याच प्राध्यापकांकडून तपासून घ्या. सिनियरकडून फुकट मिळालेली फौजदारी कायद्याची गाइडं असतील तर साल बघा: १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम ३०२चं १०३ झालं. त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्याने चालतात, पण परीक्षेत जुन्या क्रमांकांवर गुण मिळायचे नाहीत. या सगळ्याला दोन हजार रुपये पुष्कळ झाले.

९५ हजारांचा क्लास नको. दोन्ही केटी सुटू देत, हजेरी सत्तरच्या वर जाऊ दे. न्यायाधीश परीक्षेच्या क्लासचा विषय सनद हातात आल्यावर, तिच्या कमाईतून. वकीलसाहेबांना 'आता सुट्टीतच येईन' हे तिला स्वतः सांगू द्या. तुम्ही मात्र उद्या सकाळी कामावर जाण्याआधी विमा कंपनीची जवळची शाखा शोधा, आणि शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो मला पाठवा.