मंडईजवळचा वाडा, 500 मीटरचं वर्तुळ आणि 4 एफएसआय

तुम्ही विचारलंय: "मंडईपासून पाच मिनिटांवर आमचा जुना वाडा आहे. मेट्रो स्टेशनच्या 500 मीटरच्या आत असल्यामुळे टीओडीत 4 एफएसआय मिळेल, असं बिल्डर सांगतात. हे टीओडी नेमकं काय आहे? आणि पेठांसारख्या आधीच गच्च भरलेल्या भागात त्याचं नियोजन कसं व्हायला हवं?"

मी शुक्रवार पेठेतल्या वाड्यात वाढले, पुढे नगररचना शिकले आणि आता त्याच क्षेत्रात काम करते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. उत्तर थोडं लांबेल.

आधी 4 चा आकडा. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते. 4 धरून कुणाशीही करार करू नका. टीओडी, म्हणजे ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट: स्टेशनभोवती घरं, दुकानं, ऑफिसं इतकी जवळ आणि चालणं इतकं सोपं, की रोजच्या कामाला गाडी काढावीच लागू नये. केंद्र सरकारने त्याचं राष्ट्रीय धोरण 2017 मध्ये आणलं. पुण्यात स्टेशनपासून 500 मीटरच्या आत वाढीव एफएसआय देण्याची तरतूद झाली आणि डिसेंबर 2020 च्या यूडीसीपीआरमध्येही, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही, ती आहे. पण 4 ही तिची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात किती मिळणार ते समोरच्या रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचं क्षेत्रफळ यांवर ठरतं. सगळ्यांत रुंद रस्ते आणि सगळ्यांत मोठे प्लॉट असतील तिथे 4. पेठेतल्या वाड्याची दर्शनी बाजू अरुंद, खोली जास्त, पुढे सहा-सात मीटरचा रस्ता. तिथे आकडा बराच खाली येतो. रस्तारुंदीची रेषा, म्हणजे पुढे रस्ता रुंद करण्यासाठी आखलेली हद्द, तुमच्या ओट्यावरून जात असेल तर हिशोब पुन्हा बदलतो.

त्यात आणखी एक गोष्ट लोक विसरतात. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या 200 मीटरसाठी वेगळी परवानगी लागते. केंद्राच्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीने हे आलं. शनिवारवाडा असा संरक्षित आहे, जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणीही. म्हणजे कंपासने काढलेल्या 500 मीटरच्या वर्तुळात सगळीकडे एकच नियम चालतो असं नाही. मंडईच्या बाजूला तुम्ही यातून बहुधा सुटाल, कसबा पेठ स्टेशनच्या बाजूला अनेकांना ही अडचण येणार.

आता खरा प्रश्न. मला मनापासून वाटतं की पेठांसाठी टीओडीची सुरुवात एफएसआयपासून करणं हीच चूक आहे.

कारण पेठा मुळातच तशा आहेत. खाली दुकान किंवा कारखाना, वर बिऱ्हाडं, मागे आड, दोन वाड्यांमधून पलीकडच्या रस्त्याला निघणारा बोळ. शाळा, दवाखाना, देऊळ, पिठाची गिरणी, मंडई, सगळं दहा मिनिटांच्या पायी अंतरात. नव्या वस्त्यांमध्ये जी मिश्र वस्ती आणि जे लहान लहान ब्लॉक नियोजक आज नकाशावर काढून बसवतात, ते इथे पेशवाईपासून आहेत. घनता आहे, मिश्र वापर आहे, चालायला रस्त्यांचं जाळं आहे. नव्हती ती भरवशाची सार्वजनिक वाहतूक, आणि ती आता आली. 29 सप्टेंबर 2024 ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई, स्वारगेट ही स्टेशनं उघडली. सिव्हिल कोर्टला वनाझ–रामवाडीची मार्गिका मिळते, म्हणजे कोथरूडकर आणि पिंपरीकर दोघेही आता जमिनीखालून मंडईत येऊ शकतात.

2025 चा गणेशोत्सव आठवा. मेट्रोने थेट मंडईत उतरता येईल असा तो पहिला गणेशोत्सव. मानाचे गणपती बघायला लोक स्टेशनातून बाहेर पडत होते आणि समोर रस्ता मोकळा होता, कारण संध्याकाळी मधल्या भागात वाहनांना बंदी असते. पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या हाताला धरून, रस्त्याच्या मधोमध. खांबाला टेकून मी बराच वेळ ते बघत उभी होते. गर्दी प्रचंड होती, पण मागून हॉर्न वाजत नव्हता. एकही मजला न चढवता पेठा त्या दहा दिवसांत स्टेशनभोवतीचं शहर झाल्या होत्या.

उरलेल्या दिवसांचं मात्र वाईट वाटतं. माझी आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात मी तिला मेट्रोने मंडईत आणलं, तुळशीबागेत जायचं होतं. गाडीतून उतरलो, लिफ्टने वर आलो, सगळं छान. ती म्हणाली, "अगं, हे तर विमानतळासारखं आहे." आणि मग रस्ता. फुटपाथ इतका उंच, की आधी पिशवी वर ठेवायची आणि मग माझा हात धरून तिने चढायचं. चार पावलांवर विजेची पेटी, तिच्या पुढे दुचाकींची रांग. परत खाली उतरायचं. रस्त्यावर टेम्पोतून माल उतरतोय, त्याच्या कडेने निघालो तर मागून रिक्षा. तुळशीबागेच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा तिला धाप लागली होती. परत जाताना तिने रिक्षा केली, थेट घरापर्यंत. मेट्रोत बसायला ती घाबरली नव्हती. स्टेशनातून बाहेर पडल्यावरची ती काही मिनिटंच तिला झेपली नाहीत.

म्हणून मी नियोजन कुठून सुरू करेन, तर स्टेशनच्या दारापासून. कंपास बाजूला ठेवायचा आणि दारापासून पायी पाच-सात मिनिटांत कुठे पोहोचता येतं ते मोजायचं, तेही आत्याच्या चालीने. त्या वाटेवर एकसलग, बसका फुटपाथ, सावली, रात्री दिवे. माल उतरवायला सकाळची ठरलेली वेळ. बोळ बंद करायचे नाहीत. हे सांगायलाच हवं, कारण वाडा पाडला की बोळाला फाटक लागतं आणि शेजारच्या आळीला वळसा पडतो. पथारीवाल्यांना हाकलायचं नाही. त्यांना ठरलेली जागा द्यायची. संध्याकाळी त्यांच्यामुळेच रस्ता जागा राहतो आणि बायकांना चालायला सुरक्षित वाटतं. पुणे महापालिकेने 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रोडचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला आहे. तो दिवस बघून आलेल्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

दुसरी गोष्ट पार्किंग, आणि इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते. आमचा वाडा पाडून इमारत झाली. पूर्वी तळमजल्यावर कल्हईवाला, शिंपी आणि एक वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, पुढे ओटा. नव्या इमारतीत तळमजला पूर्ण गाड्यांना गेला. खांब, शटर आणि पझल पार्किंगचा, म्हणजे यंत्राने गाड्या एकावर एक चढवायचा, लोखंडी सांगाडा. नियमाप्रमाणे गाड्यांची जागा दाखवावी लागते आणि इतक्या लहान प्लॉटवर ती तळमजल्याशिवाय बसत नाही. ते पझल पार्किंग पहिल्या दोन वर्षांतच अडकायला लागलं आणि गाड्या रस्त्यावर आल्या. म्हणजे दुकानंही गेली आणि रस्ताही गेला. शिंपीकाका आता धायरीला असतात, त्यांचं गिऱ्हाईक तुटलं. आळीतले चार-पाच वाडे असेच झाले आणि रात्री आठनंतर तिथून चालताना मला भीती वाटते. लहानपणी कधी वाटली नव्हती.

स्टेशनपासून पाच मिनिटांवर गाडीसाठी जागा बांधायची सक्ती करणं हे मेट्रोच्या मुळावर येणारं आहे. मेक्सिको सिटीने 2017 मध्ये किमान पार्किंगची अट काढून टाकली आणि उलट कमाल मर्यादा घातली. पेठांना हे तंतोतंत लागू पडतं. पार्किंग कमी, तळमजला दुकानांना, आणि ज्याला गाडी हवीच आहे त्याने सार्वजनिक वाहनतळात पैसे मोजून ठेवावी. पुण्याचं पार्किंग धोरण 2018 मध्ये मंजूर झालं होतं. रस्त्यावरच्या पार्किंगला दर लावायचं ठरलं होतं, पण त्याची अंमलबजावणी रखडली. हे धोरण न राबवता एफएसआय वाढवला, तर प्रत्येक नव्या मजल्याबरोबर रस्त्यावर आणखी गाड्या येतील.

मग वाढीव बांधकाम कुठे न्यायचं? जिथे जमीन मोठी आणि सरकारी आहे तिथे. स्वारगेटला एसटी, पीएमपी आणि मेट्रो एकाच चौकात येतात, आणि तिथून कात्रजपर्यंतच्या 5.46 किलोमीटर भुयारी मार्गाला केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. शिवाजीनगरला जुन्या धान्य गोदामाची जागा, कोर्ट, रेल्वे स्टेशन. उंच इमारती, ऑफिसं आणि मुख्य म्हणजे लहान परवडणारी घरं इथे बांधायला हवीत. फक्त बांधताना प्रवासी विसरायचा नाही. शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं, आणि गावाहून बोचकी घेऊन येणाऱ्या माणसाला मेट्रो गाठायला आणखी एक वाहन लागायला लागलं. तीन वाहनं एका छताखाली आणणं हाच टीओडीचा गाभा. तो सुटला तर वरचे मजले कितीही असोत, उपयोग नाही. अहमदाबादेत आश्रम रोडच्या मध्यवर्ती व्यापारी भागाला 5.4 एफएसआय दिला गेला, पण त्यासोबत त्या भागाचा स्वतंत्र स्थानिक आराखडाही केला, नवे रस्ते आखून मोठे ब्लॉक तोडण्यासाठी. आपल्याकडे मंडईचा वेगळा, कसब्याचा वेगळा, स्वारगेटचा वेगळा असा आराखडा हवा. रस्त्याची रुंदी आणि प्लॉट बघून एफएसआय सांगणारा एकच तक्ता तिन्हींना पुरणार नाही.

पैशाचं म्हणाल तर 1 एप्रिल 2022 पासून पुण्यात घर घेणारा मुद्रांक शुल्कासोबत 1 टक्का मेट्रो अधिभार भरतोय. त्यातला ठरलेला वाटा स्टेशनच्या आसपासच्या फुटपाथांना मिळायला हवा, अशी माझी मागणी आहे आणि ती मी प्रत्येक सुनावणीत मांडते.

शेवटी तुमच्या वाड्याबद्दल. तुमच्याकडे पागडीचे भाडेकरू असतील तर त्यांना आधी बोलवा, बिल्डरला नंतर. मंडईत पहाटे चारला कामाला येणारा हमाल, भाजीवाली, पुस्तकं बांधणारा, ही माणसं पेठेत राहतात म्हणून पायी कामाला जातात. ती लांब फेकली गेली तर मेट्रोशेजारी गाडीवाली कुटुंबं येतील आणि स्टेशन त्यांच्या फारसं उपयोगाचं नसेल. शेजारचे दोन-तीन वाडे एकत्र करायला तयार असतील तर प्लॉट मोठा होऊन आकडाही सुधारतो, आणि मध्ये चौक ठेवता येतो. चौक ठेवाच, उजेड-वारा तिथूनच येतो. बिल्डरने नकाशा दाखवला की तळमजल्याचं पान आधी उघडा आणि रस्त्याकडच्या बाजूला काय आहे ते बघा. शटर आणि खांब दिसले तर सही करू नका, तिथे दोन-तीन गाळे आणि पायरी मागून घ्या.

समोरच्या रस्त्याची भिंत ते भिंत रुंदी, प्लॉटचं क्षेत्रफळ आणि डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या, नकाशात रस्तारुंदीची रेषा आहे का, एवढं कळवा. तक्त्यात तुमचं नेमकं काय बसतं ते मी बघून सांगते.