जळगाव–मुंबई : अंतर आणि वेळ

प्रश्न : जळगाव ते मुंबई हवाई अंतर किती, आणि वेळापत्रकात तासाहून अधिक वेळ का दाखवतात? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : दोन्ही विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ३५५ किलोमीटर आहे, मनमाड, कसारा घाटावरून जाणारा रेल्वेमार्ग मात्र ४२० किलोमीटरच्या आसपास भरतो. एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते, म्हणजे निव्वळ गणिताने पाऊण तास पुरावा. परंतु वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत पुन्हा थांबेपर्यंतची असल्याने, चढण्या-उतरण्याचा कमी वेग, धावपट्टीपर्यंतची वाट आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात प्रसंगी घालाव्या लागणाऱ्या घिरट्या तिच्यात धराव्या लागतात. आपण चाळीसगावचे असल्यामुळे, विमानासाठी सुमारे ९० किलोमीटर उलट दिशेने जळगावला जाण्यापेक्षा रेल्वेच सोयीची, असे आमचे मत आहे.