नेदरलँड्समध्ये शिकताना आईला एका दिवसात ट्युलिपची शेतं कशी दाखवावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : दापोलीला कृषीची पदवी घेऊन आता वाखेनिंगेनला शिकताय, एप्रिलअखेर आई गुहागरहून येतेय आणि फोटोत दिसतात ते रंगीत पट्टे तिला एका दिवसात दाखवायचेत.

विमानाचं तिकीट काढलं नसेल तर आधी तारीख बदला. एप्रिलअखेर म्हणजे जुगार आहे. आपल्याकडे वसई-विरारचा सोनचाफा पहाटे तोडून दादरला जातो, कारण फूल हाच माल. ट्युलिपच्या शेतांसाठी प्रसिद्ध असलेल्या लिसे-हिलेगोम पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा माल मात्र जमिनीखालचा ट्युलिपचा कांदा, म्हणजे कंद. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचा आणि जून-जुलैत काढायचा. फूल हवं ते फक्त तपासणीपुरतं. ते उमललं की भेसळीची आणि रोगट झाडं ओळखून उपटता येतात. पाकळ्यांवर तुटक, चिरफाळलेले पट्टे दिसले तर तो विषाणू, मावा तो पसरवतो. ही तपासणी झाली की यंत्र फिरवून सगळी मुंडकी उडवतात, म्हणजे झाडाची ताकद बी धरण्यात न जाता कांद्यात उतरते. म्हणून सोमवारी लालभडक दिसलेलं शेत बुधवारी नुसतं हिरवं असू शकतं, सऱ्यांमध्ये पाकळ्यांचा सडा तेवढा उरतो.

मार्चअखेर डॅफोडिल, त्यामागून हायसिंथ आणि एप्रिलच्या मध्यापासून ट्युलिप असा साधारण क्रम असतो. थंडी लवकर सरली तर सगळंच आठवडाभर अलीकडे येतं. १२ ते २५ एप्रिल हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. तारीख बदलणं शक्यच नसेल तर उत्तरेकडे, डेन हेल्डरच्या बाजूला जा. तिथे फुलं काही दिवस मागे असतात. २७ एप्रिल (राजाचा वाढदिवस), ईस्टरची सुट्टी आणि फुलांच्या मिरवणुकीचा शनिवार टाळा. मिरवणुकीच्या दिवशी रस्ते बंद होऊन बस अडकते. मंगळवार ते गुरुवार उत्तम.

लिसेतलं प्रसिद्ध क्युकेनहॉफ हे शेत नाही, बाग आहे. ती १९५० साली लोकांसाठी उघडली. ३२ हेक्टरांत दरवर्षी सुमारे ७० लाख कांदे हाताने लावतात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून जेमतेम ८ आठवडे ती उघडी असते. आईला आवडेलच, पण वेळ नीट वाटा : बागेला तीन तास, शेतांना तीन तास. तिकीट ऑनलाइन आणि ठरावीक वेळेचं असतं. चांगल्या दिवसांची सकाळची वेळ आधीच संपते, त्यामुळे व्हिसा हातात आला की लगेच काढा. लायडनहून बससकट तिकीट मिळतं, तेच घ्या.

प्रवास : एडे-वाखेनिंगेन स्टेशनवरून उत्रेख्त, तिथे गाडी बदलून लायडन सेंट्राल आणि मग ८५४ नंबरची बस. घरापासून बागेपर्यंत अडीच तास धरा. ट्रेनसाठी बँकेचं कार्ड टेकवून चढता येतं, पण एका कार्डावर दोघी जाऊ शकत नाहीत. आईचं कार्ड वेगळं हवं, आणि चढताना टेकवलेलंच कार्ड उतरतानाही टेकवायचं. विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात.

शेतं बघायची खरी सोय सायकलच. ती बागेच्या दाराशी भाड्याने मिळते. १० ते १५ किलोमीटरचा फेरा पुरे, रस्ता सपाट आहे. अडचण येते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे ब्रेक. बऱ्याच सायकलींचा मागचा ब्रेक पॅडलमध्येच असतो, पॅडल उलटं दाबलं की चाक थांबतं. सिग्नलला थांबल्यावर पॅडल उलटं फिरवून पाय वर घ्यायची आपली सवय तिथे चालत नाही. निघण्याआधी आवारात दोन चकरा मारून घ्या आणि सीट खाली करायला सांगा, तिथल्या सायकली उंच असतात. दुसरी अडचण वाऱ्याची. समुद्र जवळ असल्याने तो जोरात वाहतो, बहुधा पश्चिमेकडून. जाताना वाऱ्याला तोंड द्या, म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीशी राहतो. ऊन असलं तरी एप्रिलात दुपारचा पारा सरासरी १२-१४ अंशांच्या आसपासच असतो. आईला कानटोपी न्यायला सांगा आणि ओढणी आत खोचायला.

आई सायकल चालवत नसेल तर बागेतल्या पवनचक्कीवर चढा, शेजारची शेतं वरून दिसतात. तिथूनच शेतांमधल्या कालव्यांतून बोट जाते, साधारण पाऊण तासाची फेरी. मला विचाराल तर सायकल येत असली तरी बोट घ्याच.

शेतात पाय ठेवू नका, फोटोसाठी दोन पावलंसुद्धा नाही. बुटांच्या मातीतून रोग जातो आणि चिरडलेल्या झाडाचा कांदा पोसत नाही. कडेच्या रस्त्यावर गुडघ्यावर बसून कॅमेरा खाली धरला की फुलांत उभं असल्यासारखाच फोटो येतो. फुलं तोडायचीच असतील तर पैसे देऊन स्वतः तोडायची वेगळी शेतं असतात, स्थानिक भाषेत ‘प्लुकटाउन’. रंग नुकता दिसू लागलेली मिटलेली कळी घ्या. पूर्ण उमललेलं फूल वाखेनिंगेनपर्यंत टिकत नाही.

तुमचा विषय कृषी, म्हणून जमिनीकडेही बघा. ती आपल्या किनाऱ्यावरच्या पुळणीसारखी रेताड आहे, पण कालव्यांतून पाण्याची पातळी वर्षभर नेमकी राखलेली असते. कांदा कुजत नाही तो त्यामुळे.

कांदे गुहागरला न्यायचा मोह होईल. लागवडीच्या कांद्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि आयात परवाना लागतो, नाहीतर विमानतळावर जप्त होतात. नेले तरी फूल धरायला ट्युलिपला १२ ते १६ आठवडे कडक थंडी हवी. फ्रिजमध्ये ठेवून एकदा फुलवता येतो, पुढच्या वर्षी नाही. उलट दिशेलाही तेच. एप्रिल आहे म्हणून आई बॅगेत हापूस भरेल. युरोपीय संघात तो प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थही नाहीत. नारळाला मात्र प्रमाणपत्र लागत नाही.