गोदाकाठच्या पहिल्या पायपिटीआधी

आमच्या गटासोबत गोदाकाठाने चालायला येताय, फार बरं वाटलं. गड चढायचा नाही, वाट बहुतेक सपाट आहे, त्यामुळे दमाची काळजी सोडा. पहिल्या वेळी एवढंच सांभाळा.

बूट जाड तळव्याचे आणि आधी वापरलेले हवेत. बाभळीचा काटा पातळ तळव्यातून सरळ आत येतो, आणि कोरे बूट थोड्याच वेळात टाच सोलतात. पॅंट पूर्ण लांबीची, गुळगुळीत कापडाची घाला. पावसाळा सरला की कुसळं मोज्यांत घुसून दिवसभर टोचतात.

पाणी दोन लिटर, घरूनच. नदी शेजारी आहे म्हणून अर्धी बाटली आणणारे नवखे हमखास असतात. ते पाणी तसंच पिऊ नका.

सगळ्यांत महत्त्वाचं: विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. वरच्या अंगाला नाशिकजवळच्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की खाली लख्ख ऊन असतानाही पाणी चढतं. सोमेश्वरच्या धबधब्याजवळचे खडक तर शेवाळाने निसरडे असतात.

घाणेरीच्या जाळीत किंवा दगडाखाली हात घालू नका. घोणस, फुरसं हे दोन्ही विषारी साप आपल्याकडे आहेत. झुडपाआड जायचं असेल तर कुणाला तरी सांगून जा. मागे पडलात तर बिनधास्त हाक मारा, सगळे थांबतात.

नकाशे, जीपीएस, दुर्बिणी हे सगळं नंतर. पक्ष्यांची गोडी लागली तर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊ; २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तेच ठरलं.