गाडी १००० किमीला अर्धा लिटर ऑइल पिते, कॉम्प्रेशन ठीक आहे. इंजिन खोलावं की गाडी विकावी?

‘कॉम्प्रेशन ठीक आहे, म्हणजे रिंगा शाबूत आहेत’ असं तुम्हाला ज्याने सांगितलं, त्याच्याशी आधी भांडून घेतो. तुमच्याकडे मग येतो.

पिस्टनभोवती तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, धरतात. तिसरी, म्हणजे ऑइल रिंग, बोअरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं, जादा ऑइल खरवडून खाचेतल्या बारीक भोकांतून खाली सोडते. तिचा कॉम्प्रेशनशी जवळपास संबंध नाही. ऑइल उशिरा बदलत गेलं की ती भोकं काजळीने बुजतात, रिंग खाचेत चिकटते आणि ऑइल वर राहून जळतं. गेज मात्र चारही सिलिंडरला छान १८० पीएसआय दाखवतो. बोअरवर ऑइलचा थर जाड असेल तर आकडा उलट थोडा चढाच येतो. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा गेज लावायची युक्तीसुद्धा इथे काही सांगत नाही.

अमेरिकेत टोयोटाच्या २.४ लिटर २एझेड-एफई इंजिनावर याच तक्रारी आल्या. २००७ ते २००९ च्या चार सिलिंडरच्या कॅमरीत हेच इंजिन होतं. तिथे निकष होता १२०० मैलांत एक क्वार्टहून जास्त ऑइल जातं का. आपल्या हिशेबाने १००० किमीला जेमतेम अर्धा लिटर, म्हणजे तुमचाच आकडा. त्याहून जास्त गेलं तर बदललेल्या रचनेचे पिस्टन आणि नव्या रिंगा. आपल्याकडे मिस्त्री सायलेन्सरात बोट घालून निकाल देतो.

नमुना म्हणून गॅरेजात आलेली एक १.२ पेट्रोल हॅचबॅक सांगतो. ९० हजारांच्या पुढे चाललेली, ऑइल दर वेळी १५ हजारांनी बदललेलं. आधीच्या ठिकाणी सकाळच्या निळ्या धुरावरून व्हॉल्व्ह सील बदलले होते. निदान चुकीचं नव्हतं: रात्रभर उभी गाडी चालू करताना, किंवा घाट गिअरमध्ये उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर धुराचा लोट येतो तो बहुतेक सीलचाच. पण हायवेला ऑइल जातच राहिलं. मग कुणीतरी पातळ ५डब्ल्यू-३० ऑइल काढून घट्ट २०डब्ल्यू-५० भरलं. खप थोडा घटला. आठवड्याभरात व्हीव्हीटीचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करणाऱ्या यंत्रणेचा, बिघाडाचा कोड येऊन चेक लाइट लागला. ही यंत्रणा ऑइलच्या प्रेशरवर चालते, तिथे घट्ट ऑइल ढकलायचं म्हणजे एका दुखण्यावर दुसरं.

त्या गाडीत पहिलं काम पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोटातली) वाफ बाहेर काढून देणारा व्हॉल्व्ह. काढून हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायला हवा. तो चिकटून बसला होता. काहीशे रुपयांचा भाग. तो तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सील व ब्रीदर दोन्हीकडून ऑइल बाहेर पडतं. बदलल्यावर खप कमी झाला, थांबला नाही. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर पिस्टनच्या डोक्यावर मधे काजळी आणि कडा धुतल्यासारख्या स्वच्छ. ऑइल रिंगांवरून वर येतंय याची ही खूण. बोअरला ओरखडे नव्हते, होनिंगच्या, म्हणजे बोअर घासून मुद्दाम पाडलेल्या बारीक तिरक्या, रेघा दिसत होत्या. अशा इंजिनाला लेथवाल्याकडे न्यायची घाई कशाला?

इंजिन गरम असताना प्लग काढले, चारही पिस्टन मधल्या उंचीवर आणले, प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ४० मिली कार्बन विरघळवणारं केमिकल सोडून रात्रभर ठेवलं. अधूनमधून क्रँक पुलीला पाना लावून हाताने थोडं पुढेमागे. सकाळी उरलेलं सिरिंजने ओढून घ्यायचं आणि प्लग न लावता, इंजेक्टर व कॉइलचे कनेक्टर काढून, भोकांवर फडकं धरून स्टार्टर मारायचा. ही पायरी गाळली तर द्रवावर पिस्टन आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो. मग ऑइल आणि फिल्टर बदलायचंच, कारण केमिकल संपमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरलेलं असतं. दोनदा केल्यावर खप १००० किमीला दीडशे मिलीच्या आसपास आला. तेवढा राहू द्यायचा आणि ऑइल ५ हजारांनी बदलायचं.

आता तुमचं. अर्धा लिटर मोजलाय की अंदाज आहे? सपाट जागी, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, मॅक्सच्या खुणेपर्यंत भरा. १००० किमीनंतर त्याच जागी, मापाने तीच खूण गाठा. मॅक्सच्या वर भरू नका; क्रँक ते घुसळतो आणि फेस ब्रीदरमधून जातो. शहरातल्या छोट्या फेऱ्यांवर मोजू नका. थंड इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून पातळी फुगवतं, आणि लांबच्या प्रवासात ते उडालं की एकदम उतरते. ‘परवापर्यंत ठीक होतं, सोलापूरला जाऊन आलो आणि डिपस्टिक कोरडी’ ही तक्रार बऱ्याचदा यातलीच. ड्रेन नटचा वॉशर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकणारं मागचं क्रँक सील हे बघितलंच असेल असं धरतो.

खोलायची वेळ आलीच तर बोअर गेजने घेतलेली मापं लिहून मागा: प्रत्येक सिलिंडरची, वर-मधे-खाली, दोन्ही दिशांनी. बोअरचा लंबगोलपणा आणि वर-खाली मापातला उतार मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर होनिंग आणि स्टँडर्ड रिंगा पुरतात. नसेल तरच बोअर कापून मोठा करायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन घालायचे. गुळगुळीत झालेल्या बोअरमध्ये होनिंग न करता नव्या रिंगा टाकणाऱ्याकडे गाडी देऊ नका, त्या बसतच नाहीत आणि खप तसाच राहतो.

हे सगळं टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीचं. टर्बो असेल तर आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) पाइप काढून ऑइल साठलंय का बघा. बोअरला ओरखडे असतील तर केमिकलवर पैसे घालवू नका. जुन्या, व्हीव्हीटी नसलेल्या इंजिनात मॅन्युअल परवानगी देत असेल तर एक पायरी घट्ट ऑइल चालतं, हे मान्य. विकायचं म्हणाल, तर ते तुमच्या गाडीच्या किमतीवर आहे. पण पीसीव्ही बदलून १००० किमी मोजल्याशिवाय गिऱ्हाईक शोधू नका.