गल्ल्यात रोज पैसे दिसतात, मग महिनाअखेरीला जातात कुठं?

"विक्री होतेय, पण पैसा राहत नाही" ही छोट्या धंदेवाल्यांची कायमची काळजी, पण माझ्याकडं समुपदेशनाला येताना कुणी असं म्हणत नाही, झोप लागत नाही, घरात रोज कटकट होते असंच सांगतात.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं एक जोडपं तसंच आलं (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). ताई कांदा-लसूण चटणी करतात, नवरा गाडीवरून दुकानांना पोचवतो. ताई म्हणाल्या, "मॅडम, किलोला 180 सुटत्यात, म्हैन्याला 100 किलो चटणी जातीया, म्हंजे 18 हजार झालं की ओ! मग हेनी पैशाचं करत्यात तरी काय?" नवरा गप्प, नंतर ताई बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, पैसे हिच्या माहेरी जात असतील. म्हणजे दोघांचाही संशय एकमेकांवर.

मी वही मागितली. वहीत फक्त उधारी लिहिलेली, खर्चाचं एक अक्षर नाही.

मग बसलो हिशोबाला. 600 रुपये किलोचा भाव, त्यातून मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तेल सगळं मिळून 420 गेले, उरले 180, इथवर ताईंचं बरोबर. पण डंकावरची कुटाई? गॅस, पाकिटं, मदतीला येणाऱ्या मावशींची हजेरी, पेट्रोल, पतसंस्थेच्या कर्जाचं व्याज? हे किलोमागं 95 निघाले. खरे सुटतात 85, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार, आणि त्यातही ताईंच्या स्वतःच्या कष्टाची मजुरी धरलेलीच नाही, ती कुणीच धरत नाही. घरात मात्र किराणा, फी, भिशी असं करत गल्ल्यातून 15 हजार उचलले जात होते, 18 सुटतात या भरवशावर. दर महिन्याला साडेसहा हजाराचा खड्डा, तो माल देणाऱ्यांचे पैसे थकवून भरला जायचा.

शिवाय 70 हजार दुकानदारांकडं अडकलेले, आणि वर्षभराची मिरची उन्हाळ्यातच कर्ज काढून भरलेली, त्यामुळं बराचसा पैसा पोत्यात बसलेला. कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल नफा काढताना खर्चात धरत नाहीत, पण रोख तर तेवढी जातेच ना, म्हणून नफा दिसतो आणि हात रिकामा, हे त्यांना दोनदा समजवावं लागलं. चोर कुणीच नव्हतं. हे कळल्यावर दोघं बराच वेळ बोललेच नाहीत.

मग ठरलं ते असं, धंद्याचं बँक खातं वेगळं, घराला 1 तारखेला 8 हजार, मधे गल्ल्याला हात नाही, आणि पिग्मीवाल्याकडं रोज थोडे थोडे पुढच्या मिरचीसाठी. आणि हो, नवऱ्याला कुणीतरी जीएसटीची भीती घातली होती, पण राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची आहे आणि ह्यांची उलाढाल सव्वासात लाखांच्या आतच.

भाव 640 करायला ताई तयार नव्हत्या, गिऱ्हाईक तुटतील म्हणून. शेवटी केला. दोन दुकानदार तुटलेही, ताईंना वाईट वाटलं, नवऱ्याला मात्र अजिबात नाही, कारण उधारी सगळ्यात जास्त त्या दोघांचीच होती.