कुंडं कोणी कोरली आणि राख कुठून आली?

प्रश्न : आमचा मळा कुकडीकाठी आहे. निघोजची कुंडं नेमकी कशी झाली? आजोबा म्हणायचे मळगंगा देवीची करणी. आणि नदीच्या वरच्या अंगाला बोरी गावात ज्वालामुखीची राख सापडली म्हणे, मग आपल्याकडे ज्वालामुखी होता का?

उत्तर : आजोबांना खोटं पाडायचं नाहीये, देवीचं देऊळ तिथेच काठावर आहे, पण कोरायचं काम गोट्यांनी केलंय. विश्वास नसेल तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर एखाद्या कोरड्या रांजणखळग्यात, म्हणजे त्या कुंडातच, वाकून बघा, तळाशी गुळगुळीत गोल दगड पडलेले दिसतात बघा, तेच कारागीर. पुराच्या पाण्यात भोवरा झाला की छोट्याशा खाचेत अडकलेला गोटा गरागरा फिरतो, खडक घासतो, स्वतःपण झिजतो, मग पुढच्या पुरात दुसरा येतो, असं हजारो वर्षं चाललं की खाचेचा रांजण होतो. दोन रांजणांमधली भिंत झिजली की ते एकमेकांत मिसळतात, म्हणून तर तिथे नदी अशी अरुंद घळीतून वळणं घेत जाते. फक्त आत उतरून सेल्फी काढू नका, कडा बुळबुळीत असतात आणि खोलीचा अंदाज येत नाही.

आता ज्वालामुखी. होता की! तुम्ही ज्या काळ्या पाषाणावर उभे राहता तोच लाव्हा आहे, साधारण 6.5 कोटी वर्षांपूर्वीचा. पण बोरीची राख त्यातली नाही, इथेच सगळ्यांची गल्लत होते. ती आली थेट इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, वाऱ्याबरोबर, आणि कुकडीच्या गाळात दबून राहिली. टोबाचा सगळ्यात मोठा उद्रेक सुमारे 74,000 वर्षांपूर्वीचा, पण बोरीची राख त्याच उद्रेकाची की त्याआधीच्या, यावर संशोधकांमध्ये बरीच वर्षं वाद झालाय. वाद एवढ्यासाठी की तिथेच अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंपण मिळालीत, म्हणजे राखेचं वय ठरलं की त्या माणसाचं वय ठरवायला आधार मिळतो.

काठाला कुठे करड्या-पांढऱ्या भुकटीचा थर दिसला तर जेसीबी लावायच्या आधी जरा थांबा, फोटो काढून एखाद्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या सरांना दाखवा. चुनखडीच निघायची शक्यता जास्त, पण विचारायला काय जातंय.